नाइट ड्यूटी, मे महिना आणि तुसडी सिस्टर

‘ओ सिस्टर, सलाइन सरी गयी (संपली) ना!’ धुळे-जळगावकडच्या जनरल वॉर्डात रात्री दोनच्या सुमाराला ही हाक हमखास येते. उत्तर तुटक मिळतं. सकाळी नातेवाईक आपसात बोलतात, ‘ती नवी सिस्टर लई तुसडी शे.’ ज्या मुलीबद्दल हे बोललं जातं, ती बहुतेक वेळा बावीस-तेवीस वर्षांची असते आणि नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालेलं असतं. हा तुसडेपणा स्वभावातला दोष नसून कामाने आलेल्या खोल थकव्याचं लक्षण असू शकतो, हे नातेवाइकांना माहीत नसतं. खुद्द तिलाही नसतं, आणि ते जास्त वाईट.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातले उत्साही कार्यकर्ते काही महिन्यांत कसे कोमेजतात, ते नोंदवलं आणि त्या अवस्थेला बर्नआउट म्हटलं. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये ती मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यात तीन गोष्टी तपासतात : मनाचा थकवा, रुग्णांबद्दलचा कोरडेपणा आणि ‘आपल्याला काही जमतच नाही’ ही भावना. यातला कोरडेपणा नीट समजून घ्यायला हवा. प्रत्येकाच्या दुःखात मन गुंतवणं परवडेनासं झालं की मन हात आखडता घेतं. मग आजीबाई ‘बेड नंबर चौदा’ होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. म्हणजे दोष शोधायचा तर आधी कामाच्या रचनेत शोधायचा.

पहिलं वर्षच का जड जातं? कॉलेजात एका रुग्णाचा केअर प्लॅन चार पानं लिहायचा असतो. वॉर्डात तेवढ्या वेळात अख्ख्या रांगेचं बीपी-टेम्परेचर घेऊन इंजेक्शनं द्यायची असतात. नर्सिंगच्या संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नव्या नर्सना बसणाऱ्या या धक्क्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ असं नाव दिलं होतं. नंदुरबारकडे त्यात आणखी भर पडते. धडगाव-अक्कलकुव्याकडून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वेदनांनी तळमळणारं पोर येतं. वारंवार सुया टोचून त्याच्या हाताच्या शिरा गेलेल्या असतात, आई पावरी या आदिवासी बोलीत बोलते, सिस्टरला ती भाषा येत नाही. हातावरच उरलीसुरली शीर शोधायची, टॉर्निके (शीर फुगवायला आवळायचा पट्टा) बांधायचा, पोर रडणार, तेवढ्यात पलीकडून हाक. दुसऱ्यांदाही शीर चुकली की सिनियर सिस्टर हातातून सुई काढून घेतात. ‘काही जमत नाही’ ही भावना अशा वेळी घर करते.

आता झोपेकडे वळू, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर आपली वेळ जुळवतं. रात्री ते मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीराचं आतलं तापमान उतरवतं. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते, तेव्हा झोप नीट लागते. नाइट करून सकाळी नऊला अंथरुणावर पडणाऱ्या सिस्टरचं घड्याळ नेमकं उलट सांगत असतं. रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप त्यामुळे एक ते चार तासांनी कमी भरते. त्यात जळगावचा मे महिना! पारा पंचेचाळिशीला, वर पत्रे, आणि दुपारी लाइट गेली की कूलर बंद. भोवतालची हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर उष्णता बाहेर जाणार कुठे? १९९७ च्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी घसरली होती. अर्धवट झोपेवर चौथी नाइट करणाऱ्या मुलीकडून गोड बोलण्याची अपेक्षा आपण करतो.

खानदेशाच्या हवेचा एक फायदा मात्र आहे. उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथे कूलर खरोखर काम करतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. खिडकी घट्ट लावून घेतली तर दमटपणा साठतो आणि सगळं फुकट, म्हणून पडदा जाड हवा पण खिडकी थोडी उघडी हवी. सकाळी घरी जाताना गॉगल लावावा, म्हणजे उजेड घड्याळाला कमी डिवचतो. स्कार्फ-गॉगल तर आपल्याकडच्या मुली बांधतातच. पण डोळे मिटत असतील तर स्कूटी वॉर्डाजवळच राहू द्यावी आणि रिक्षाने जावं. चहा-कॉफी रात्रीच्या पूर्वार्धातच घ्यावी. कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, पहाटे पाचचा कप दहा वाजताही जागाच असतो. नाइटला निघण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोप काढावी. ड्यूटीच्या मधे जोडीदारणीवर वॉर्ड सोपवून वीस मिनिटं डोळा लागला तरी फरक पडतो. तास-तास झोपू नये, उठल्यावर डोकं जड होतं आणि तेव्हाच औषधाचा डोस मोजायची वेळ येते.

एवढं करूनही एकट्या मुलीने किती सावरायचं? लिंडा एकेन या संशोधिकेने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये मांडला. नर्समागे एक रुग्ण वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. आपल्या वॉर्डात रात्री किती सिस्टर असतात, ते भेटीला गेल्यावर मोजून पाहा. रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात मात्र एक गोष्ट असते : पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा पुढे सरकवणं. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून थोडं लांब असतं, त्याला पुढे ढकलणं सोपं जातं. नाइट संपलेल्या सकाळीच ‘डे-ऑफ’ मोजू नये, तो दिवस झोपेतच जातो.

चार दिवस सुट्टीवर गावी जाऊनही भरीत-भाकरी गोड लागत नसेल, आवडीच्या माणसांशी बोलावंसं वाटत नसेल, तर तो नुसता कामाचा शीण नसावा. नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जगणं नकोसं वाटू लागलं तर रोस्टरमधली सुट्टी येईपर्यंत थांबू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.