वस्ती चढती आहे का, आणि इसार कधी द्यावा

"कुठल्या एरियात घेतलं म्हणजे भाव वाढेल?" हा प्रश्न आमच्याकडे, म्हणजे घर-जागेची दलाली आणि कागद तपासणी करणाऱ्यांकडे, रोज येतो, आणि बहुतेक वेळा फोनवर येतो. फोनवर त्याचं खरं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. लातूर शहरात किंवा हद्दीला लागून घर, जुना वाडा, प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांसाठी ते आहे. सातबारा, एनए, फेरफार, इसारपावती हे शब्द तुमच्या कानावरून गेलेले आहेत असं धरून लिहितो. नसतील गेले, तर येताना घरातलं एखादं जाणतं माणूस सोबत आणा.

आधी एक गोष्ट वेगळी करू. घोषणेने चढणारा भाव निराळा आणि माणसं राहायला आल्यामुळे चढणारा भाव निराळा. रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन २०१८ साली झालं. अशी मोठी घोषणा झाली की "पाच मिनिटांवर" असं लिहिलेले फ्लेक्स लागतात, माळरानावर कमान उभी राहते, दगड रोवले जातात. पण कारखान्यात कामाला येणारा माणूस कारखान्याच्या भिंतीला लागून घर शोधत नाही. तो मुलांची शाळा, दवाखाना, नळाचं पाणी आणि बायकोला संध्याकाळी एकटीने जाता येईल असा रस्ता शोधतो. पंधरा वर्षं पैसा अडकवून ठेवायची तयारी असेल तर बाहेरचा प्लॉट जरूर घ्या. आम्हीही असे प्लॉट दाखवतो. मात्र लेआउट असेल तर महारेराचा (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा, एजंटाचाही मागा, आमचाही मागा. आणि त्याला चढती वस्ती म्हणू नका. तिथे अजून वस्तीच नाही.

चढती वस्ती म्हणजे जिथे लोक आधीपासून राहतात, घरं जुनी आहेत, रस्ते अरुंद आहेत, आणि तरी आता थोडा जास्त पैसा बाळगून असलेली माणसं तिथे यायला लागली आहेत. हे कसं घडतं ते पाहायला लातूरकरांना पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. लातूर पॅटर्नचं, म्हणजे परीक्षांच्या कसून तयारीच्या इथल्या पद्धतीचं, नाव झालं तशी नांदेड, परभणी, बीड, धाराशिव आणि सीमेपलीकडे बिदरपर्यंतची पोरं इथे येऊ लागली. उद्योग भवनाच्या बाजूला क्लासेस दाटले, ट्यूशन एरिया हे नावच पडलं. त्यामागोमाग वसतिगृहं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. आधी खोल्यांचं भाडं चढलं. मग दुकानं बदलली. घरांचे विक्रीचे भाव त्यानंतर चढले, आणि सरकारी बाजारमूल्य तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, सगळ्यात मागून आला. हा क्रम लक्षात ठेवा. रेडी रेकनरमध्ये दर वाढलेला पाहून जो एरिया निवडतो, तो पोचेपर्यंत वाढ विकणाऱ्याच्या खिशात गेलेली असते.

म्हणून भाव विचारण्याआधी भाडं विचारा. भाड्याच्या पाट्या वाचत दोन-तीन गल्ल्या पायी फिरा, गाडीवरून नाही. जिथे "फक्त फॅमिलीसाठी" अशी पाटी असायची तिथे "कॉट बेसिसवर मिळेल" (म्हणजे खोलीऐवजी एकेक खाट भाड्याने) आलं असेल, तर त्या गल्लीचं गणित बदललं आहे. मान वर करून गच्च्या पाहा. एका घरावर चार-पाच टाक्या आणि सोलर हीटर म्हणजे आत कुटुंब नाही, मुलं राहतात. जिन्याखालचे महावितरणचे मीटर मोजा. किराणा दुकानदाराला विचारा की उधारीची वही अजून चालते का. उधारीची गिऱ्हाइकं कमी झाली आणि फोनवर पैसे देणारी वाढली, हे त्याला आपल्याआधी कळतं. आमचा स्वतःचा भरवसा दुकानदारावर सगळ्यात जास्त आहे, दलालांवर त्याहून बराच कमी. आम्ही त्याच धंद्यात असूनही हे लिहितो.

आता कोण येतंय हे पाहा, कारण सगळी वाढ टिकाऊ नसते. कॉटवर चालणाऱ्या घराचं उत्पन्न कागदावर फार छान दिसतं. पण २०२० साली लॉकडाऊन लागला, क्लास बंद झाले, पोरं गावी गेली आणि ज्यांनी याच भाड्याच्या भरवशावर कर्ज काढून मजले चढवले होते त्यांचे हप्ते मात्र चालूच राहिले. याउलट दुसरी एक लाट आहे, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा या तालुक्यांतली शेतकरी कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड करतात. आई मुलांना घेऊन इथे, वडील शेतावर, शनिवारी येणं-जाणं. अशी कुटुंबं दोन वर्षं भाड्याने राहून त्याच गल्लीत घर विकत घ्यायला लागली की ती वस्ती पक्की झाली समजा. सकाळी साडेसातला उभं राहून बघा, शाळेच्या किती व्हॅन आत शिरतात. आमच्या मते ती खूण चार नव्या कॅफेंपेक्षा मोलाची आहे.

चढत्या वस्तीतून कुणीतरी बाहेरही पडत असतं. हमाल, ऑटोवाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका, वीस-वीस वर्षं एकाच खोलीत राहिलेली माणसं. ही बाजू तुम्ही बघावी असं आम्हाला वाटतं, आणि व्यवहार म्हणूनही ती बघावीच लागते. घरात जुना भाडेकरू बसलेला असेल आणि मालक म्हणत असेल की "खरेदीखतानंतर आम्ही काढून देतो", तर तसा विश्वास ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ भाडेकरूला संरक्षण देतो, आणि तो दावा मालकाच्या नव्हे, तुमच्या नावावर चालेल. भाडेकरूशी बोलणं आधी, त्याला जे द्यायचं ठरेल ते आधी, खरेदी नंतर.

पाण्याबद्दल लातूरकराला काय सांगायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. तरीही लोक फरशी, मॉड्युलर किचन आणि पार्किंग पाहतात आणि पाण्याची चौकशी शेवटी करतात. घर पाहायला एप्रिल-मे महिन्यात जा. पावसाळ्यात प्रत्येक बोअरला पाणी असतं. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नाही. बोअर किती फुटांवर आहे, आणि शेजारच्या वसतिगृहाचा बोअर त्याहून खोल आहे का, हे विचारा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं. एका भिंतीपलीकडे दोनशे मुलांच्या आंघोळीचं पाणी उपसलं जात असेल तर तुमचा बोअर मार्चातच आटायला लागतो. ज्या गल्लीत वसतिगृहं फार झाली तिथे ड्रेनेजचेही हेच हाल. पाइप जुन्या लोकसंख्येसाठी टाकलेला असतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्रक छापलं, ती.

लोक मालकाला इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन मग आमच्याकडे येतात. एरिया चढता आहे असं कळतं, मालक सांगतो की दुसरी पार्टी संध्याकाळी येणार आहे, मेव्हणा म्हणतो सोडू नका, आणि पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या बाँडवर सह्या होऊन लाख-दोन लाख हातातून जातात. मग तुम्ही फाईल घेऊन येता आणि म्हणता, "जरा कागद बघून घ्या, आणि एरिया कसा आहे सांगा." त्या क्षणी तुम्हाला मत नको असतं, धीर हवा असतो. आम्ही चुका काढल्या की तुम्हाला राग येतो. आमच्या सगळ्यात जास्त फेऱ्या, फोन आणि भांडणं या एका प्रकारात जातात, आणि तुमचा पैसा महिनोन्‌महिने अडकतो.

चढत्या वस्तीत हे जास्त घडतं, त्याला कारण आहे. नव्या लेआउटचे कागद सरळ असतात: एक मालक, एक एनए आदेश, एक मंजूर नकाशा. जुन्या वस्तीत वाडा आजोबांच्या नावावर, घरपट्टी मोठ्या काकांच्या नावावर, ताबा तिसऱ्याचा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. आणि बहिणी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि तो जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे भावाच्या तोंडचं वाक्य आम्ही कागद मानत नाही. वाड्याला भाव नव्हता तेव्हा बहिणींचं खरंच काही म्हणणं नसेल. गल्लीत कॉटचं भाडं सुरू झाल्यावर असतं, आणि ते रास्तही आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा बहिणींची सही थेट खरेदीखतावर.

शिवाय मराठवाड्याचे म्हणून काही खास प्रकार आहेत. आपण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो. शहराच्या कडेच्या कित्येक जमिनींची मुळं इनाम, कूळ, देवस्थान, वक्फ यांत आहेत. बाहेरून आलेला सल्लागार सातबारा बघून "क्लिअर आहे" म्हणतो. आम्ही १९५४-५५ च्या खासरापत्रकापर्यंत (त्या काळच्या जमिनींच्या नोंदीपर्यंत) मागे जातो, कारण हैदराबाद कूळ कायद्यात मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली असेल तर ती गाठ तिथेच सापडते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाला आहे का, त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे, हे बघायचं. "फाईल टाकली आहे" म्हणजे नियमित झालं असं होत नाही. विकास आराखड्यात घरावरून रस्ता जातो का, यासाठी महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढायचा. जुन्या अरुंद गल्लीत रस्तारुंदीची रेघ तुमच्या पुढच्या खोलीतून जात असते, आणि तीच रेघ दाखवून दलाल म्हणतो, "रस्ता मोठा होणार, भाव वाढणार." वाढेल. ज्याची खोली उरेल त्याचा.

भावाची खातरजमा करायची असेल तर मालक काय मागतो हे बाजूला ठेवा आणि त्या गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या व्यवहारांचे सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी गोषवारा) बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांत फरक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तसले व्यवहार करत नाही आणि करायला सांगतही नाही. तरी व्यवहार किती झाले, हे तिथे कळतं. भाव वाढल्याची चर्चा जोरात आणि तीन वर्षांत खरेदीखत एकच, अशी वस्ती चढत नाही, तिची फक्त चर्चा चढते.

यावर नेहमीचं म्हणणं असं की इतकं बघत बसलो तर सौदा हातचा जाईल. कधीकधी जातो. कागद पाहायला आम्हाला साधारण आठवडा लागतो, जाहीर प्रगटन (वर्तमानपत्रात हरकती मागवणारी नोटीस) दिलं तर आणखी पंधरा दिवस. एवढं थांबायला जो मालक तयार नाही, त्याला घाई का आहे हे कळल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. अगदीच भाग असेल तर टोकन म्हणून छोटी रक्कम द्या, चेकने द्या, आणि "कागदपत्रं निर्वेध न निघाल्यास रक्कम परत" हे वाक्य पावतीत लिहून घ्या. इसारपावतीने मालकी येत नाही. ती येते नोंदणीकृत खरेदीखताने.

फीबद्दल कुरकुर ऐकू येते, तेव्हा तेही सांगून टाकतो. पाहणी आणि कागद तपासणीची फी आम्ही आधी घेतो आणि सौदा झाला नाही तरी परत करत नाही. सौदा आमच्यामार्फत झाला तर ती दलालीतून वजा होते. "नुसतं बघायचे पैसे?" असं लोक विचारतात. ज्याला फक्त सौदा झाला तरच पैसे मिळतात, तो तुम्हाला "घेऊ नका" कधी म्हणेल? आम्ही "घेऊ नका" म्हणू शकतो ते या फीमुळे. पाच वर्षांत दुप्पट होईल का, याचं उत्तर मात्र फी देऊनही आमच्याकडे मिळणार नाही. भाडं किती आहे, पाणी किती दिवसांनी येतं, कागद कुठे अडतो, कोण राहायला येतंय, एवढं लेखी मिळेल.

येताना मिळकतीचा सातबारा किंवा पीआर कार्ड (शहरातल्या मिळकतीचा उतारा), जुनं खरेदीखत, घरपट्टीची शेवटची पावती आणि मालकाच्या कुटुंबातल्या सगळ्या वारसांची नावं घेऊन या. मालक नावं सांगायला टाळत असेल तर तेवढंच सांगा, पुढचं आम्ही विचारू. खरेदी बाईच्या नावावर करणार असाल तर आधी बोला, राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. जागा पाहायला आम्ही सोबत येतो, पण सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहानंतर. दुपारी वस्ती कळत नाही. इसार दिलेला असेल तरी या, फक्त इसारपावतीची मूळ प्रत आणा आणि उरलेली रक्कम द्यायची तारीख कुठली लिहिली आहे ते घरीच वाचून या.