बॅटरीवरचा लॉनमोवर आणि खोक्यावरचे आकडे

बॅटरीवर चालणाऱ्या लॉनमोवरच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक आकडा छापलेला असतो तो व्होल्टचा. २०, ४०, ५६, ८०. मोठा आकडा म्हणजे दमदार यंत्र, असा समज सहज होतो आणि तो विकणाऱ्यांच्या पथ्यावरच पडतो. पण आपली हिरवळ एका चार्जमध्ये कापून होईल का, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात नसतं.

हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. यंत्राच्या बॅटरीत बोटाएवढे लिथियम-आयन सेल ओळीने बसवलेले असतात. अशा एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ पर्यंत चढतो आणि वापरत गेलं की उतरत जातो. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. एक उत्पादक प्रामाणिकपणे ३६ छापतो. दुसरा भरलेल्या सेलचे ४ व्होल्ट धरतो आणि त्याच दहा सेलवर ‘कमाल ४०’ असं लिहितो. १८ आणि २०, ७२ आणि ८० या जोड्याही अशाच जन्मलेल्या आहेत. त्यामुळे ३६ आणि ४० व्होल्टच्या दोन यंत्रांत ४० वालं सरस ठरवून जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

बॅटरीत ऊर्जा किती आहे ते कळतं वॉट-तासांवरून. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की झालं. ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॉट-तास. १८ व्होल्टच्या ५ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकाच यंत्रात बसत असतील, तर त्यांची बेरीजही १८०च होते. हा गुणाकार करायचा कंटाळा असेल तर बॅटरी उलटी करून पाहा. लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतुकीच्या नियमांमुळे वॉट-तासांचा आकडा तिच्या कवचावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. जाहिरातीत तो क्वचितच दिसतो.

मग जास्त व्होल्टचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण मर्यादित. समजा, पातं फिरवायला ७२० वॉट लागतात. १८ व्होल्टवर त्यासाठी ४० अँपिअर प्रवाह लागेल, ३६ व्होल्टवर २०. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेतली नासाडी चौथ्या हिश्शावर येते. तारा, जोड, कळ आणि मोटरचं नियंत्रण करणारं सर्किट यांना हा मोठाच दिलासा असतो, म्हणून रुंद आणि जड यंत्रांना जास्त व्होल्ट देतात ते योग्यच आहे. सेलच्या आत मात्र हा फायदा पोहोचत नाही. दहा सेल पाच-पाचच्या दोन समांतर ओळींत जोडले काय किंवा सगळे एकाच ओळीत जोडले काय, वरच्या उदाहरणात प्रत्येक सेलमधून २० अँपिअरच वाहतात आणि प्रत्येक सेल तेवढाच तापतो.

आता हिशोब आपल्या हिरवळीचा. ३०० चौरस मीटरची जागा आणि ४० सेंटीमीटर रुंदीचं यंत्र धरू. मधे गवताची रेघ सुटू नये म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवावी लागते, त्यामुळे खरी कापणी ३५ सेंटीमीटरची होते. ३०० ला ०.३५ ने भागलं की चालायचं अंतर निघतं सुमारे ८६० मीटर. ताशी ३ किलोमीटरच्या रमतगमत चालीने त्याला १७ मिनिटं लागतात. वळणं, झाडांची आळी आणि गवताची पिशवी रिकामी करणं धरून २५ मिनिटं म्हणू. कोरडं, आटोक्यातलं गवत कापताना यंत्र सरासरी ४०० वॉट घेत असेल, तर खर्च होतो १६७ वॉट-तास. १८० ची बॅटरी इथे कशीबशी पुरते. पण गवत वाढलेलं आणि ओलं असेल आणि सरासरी ८०० वॉटवर गेली, तर तीच बॅटरी निम्म्या वाटेत मान टाकते. म्हणून हिशोबाने निघालेल्या आकड्याच्या किमान दीडपट क्षमता घ्यावी, असं मी सुचवेन. सेल म्हातारे होतात तेव्हा ही शिल्लक कामी येते.

पेट्रोलच्या यंत्राला या काटकसरीची गरज पडत नाही, कारण एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९,००० वॉट-तास ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं. पाचवा हिस्सा जरी पात्यापर्यंत पोहोचला असं धरलं, तरी १८० वॉट-तासांच्या बॅटरीचं काम सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोलमध्ये होतं. बॅटरीच्या यंत्रात ऊर्जा अशी मोजूनमापून मिळते, म्हणून ती कुठे जाते ते पाहिलं पाहिजे.

ती जाते मुख्यतः पात्याच्या वेगात. इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने १८३० साली पहिल्या लॉनमोवरचं पेटंट घेतलं. कापडावरचे उभे राहिलेले धागे छाटणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. त्याच्या यंत्रात फिरणाऱ्या दंडगोलावरची पाती एका स्थिर पात्याला घासून जात आणि गवत कात्रीसारखं कापत. या पद्धतीला ऊर्जा फार कमी लागते. अगदी छोट्या, सपाट हिरवळीसाठी हाताने ढकलायचं तसलं यंत्र आजही उत्तम, बॅटरीचा प्रश्नच नको! आजची बहुतेक यंत्रं मात्र आडव्या फिरणाऱ्या पात्याची असतात. गवताला मागून कसलाच आधार नसतो, त्यामुळे ते वाकून निसटण्याआधी तुटावं एवढ्या वेगाने पातं त्यावर आदळावं लागतं. ४० सेंटीमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे असतं.

एवढ्या वेगात गवताइतकीच हवाही त्रास देते. हवा घुसळायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे फक्त १० टक्क्यांनी कमी केले तरी खर्चाचा हा भाग सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणून गवत विरळ असताना फेरे आपोआप कमी करणारी आणि दाट गवत लागलं की वाढवणारी मोटर खरोखर कामाची आहे. ही सोय बहुधा ब्रशलेस मोटरबरोबर येते. तिच्यात घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात. कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत प्रवाह सोडायचा ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, त्यामुळे नासाडी कमी आणि आयुष्य जास्त. पैसे कुठे वाढवायचेच असतील तर इथे वाढवावेत.

पात्याला धार लावायला मात्र फारसे पैसे लागत नाहीत. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी हिरवळीवर पांढुरकी-तपकिरी झाक दिसली तर ती बहुतेक वेळा फाटलेल्या टोकांचीच असते. फाडायला ऊर्जाही जास्त जाते.

गवताची वाढ पानाच्या बुडाकडून होते, शेंड्याकडून नाही, म्हणून ते वारंवार कापलेलं सोसतं. तरी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नये, असा माळ्यांचा जुना दंडक आहे. जास्त छाटलं तर अन्न तयार करणारा हिरवा भागच उरत नाही आणि मुळं खुरटतात. बॅटरीलाही हाच दंडक मानवतो. थोडं थोडं, कोरडं गवत वेळच्या वेळी कापलं तर लहान बॅटरीही पुरते. कापलेल्या गवताचा बारीक चुरा करून ते तिथेच पसरवायची सोय असेल तर जरूर घ्या. त्याने नायट्रोजन मातीत परत जातो आणि पिशवी ओतायच्या फेऱ्या वाचतात. फक्त तेच गवत पुन्हा पुन्हा कापलं जात असल्याने ऊर्जा थोडी जास्त लागते.

मोठ्या बॅटरीचा आणखी एक फायदा म्हणजे तेवढाच भार जास्त सेलमध्ये वाटला जातो आणि प्रत्येक सेल कमी तापतो. उष्णता हा लिथियम सेलचा मोठा शत्रू आहे. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, गोठणबिंदूखालच्या थंडीत तर चार्ज करूच नये. हंगाम संपल्यावर ती निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. जुन्या निकेल-कॅडमियमच्या सवयीने दर वेळी ती पूर्ण रिकामी करायचीही गरज नाही.

रुंदी, वजन, चाकांना मोटर हवी की नको, हे आपल्या जागेवरून ठरतं. उतार असेल तर स्वतःहून पुढे सरकणारं यंत्र घ्यावं. ते जादा ऊर्जा खातं, पण कंबर वाचवतं. सपाट, अडचणीच्या जागेत हलकं आणि अरुंद यंत्र बरं. मूठ सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे, असा अमेरिकेत नियम आहे. कोणतंही यंत्र घेताना हे दुकानातच विचारून घ्यावं. आवाज नसल्यामुळे बंद असलेलं यंत्र निरुपद्रवी वाटतं आणि अडकलेलं गवत काढायला हात सहज खाली जातो. त्याआधी सुरक्षा-किल्ली आणि बॅटरी दोन्ही काढून बाजूला ठेवावीत.