ऑटर नदीचे बीव्हर आणि यकृतातली गाठ : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या बीव्हरचा (झाडे कुरतडून नद्यांवर बांध घालणारा पाणथळ प्राणी) विषय निघाला की बोलणे बांध, पूर आणि शेतीचे नुकसान यांकडे वळते. पण 2014 साली नैऋत्य इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ऑटर नदीतून बीव्हर पकडून हलवायचे ठरले तेव्हा पुढे केलेले मुख्य कारण वेगळे होते. त्यांच्या यकृतात कोल्ह्याचा पट्टकृमी (टेपवर्म, एक जंत) असू शकतो, असे सरकारचे म्हणणे होते.

हा कृमी म्हणजे एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. आपल्याकडे डॉक्टर 'हायडॅटिड सिस्ट' म्हणतात ती याच्या भावंडाची, कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरणाऱ्या जातीची. ती पाण्याने भरलेली असते आणि तिला स्वतःची भिंत असते. मल्टिलोक्युलॅरिसची गाठ मात्र कर्करोगासारखी यकृतात पसरत जाते. ती कर्करोग नसून परजीवी आहे, हे 1855 मध्ये जर्मनीत ओळखले गेले. तरी दोन्ही आजार एकाच कृमीचे की दोन निराळ्या, हा वाद 1950च्या दशकापर्यंत चालला.

प्रौढ कृमी कोल्ह्याच्या आतड्यात राहतो. विष्ठेतून पडलेली अंडी गवताबरोबर कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पोटात जातात, गाठ यकृतात धरते आणि तो प्राणी कोल्ह्याने खाल्ला की चक्र पुरे होते. उत्तर अमेरिकेतून आणलेले मस्करॅट (मोठ्या उंदरासारखे कुरतडणारे प्राणी) 1905 मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, सोडले गेले. मध्य युरोपभर पसरलेल्या या पाणथळ प्राण्यात हा कृमी सहज वाढतो. पुढे रेबीजच्या तोंडावाटे दिलेल्या लशीमुळे (पहिला प्रयोग 1978, स्वित्झर्लंड) कोल्हे वाढले आणि त्यांच्याबरोबर हा कृमीही.

ब्रिटन यापासून मुक्त आहे आणि तसे राहावे म्हणून बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्याला प्रवेशाच्या 24 ते 120 तास आधी जंतावरचे औषध द्यावे लागते. अशा देशात 2010च्या सुमारास जर्मनीतल्या बव्हेरियातून आणलेल्या एका बंदिस्त बीव्हरच्या शवविच्छेदनात यकृतात हीच गाठ सापडली. धसका बसणे स्वाभाविक होते.

मात्र त्या धसक्यातून ऑटर नदीसाठी काढलेला निष्कर्ष घाईचा होता. बीव्हरकडून बीव्हरला हा कृमी लागत नाही. आईकडून पिलाला जात नाही, माणसालाही थेट होत नाही. बाधित बीव्हर मेला आणि त्याचे यकृत कोल्ह्याने किंवा कुत्र्याने खाल्ले, तरच धोका. म्हणजे खरा प्रश्न एकच उरत होता: हे बीव्हर जन्मले कुठे? ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बीव्हरला अंडी मिळायची तर इथलेच कोल्हे किंवा कुत्रे आधी बाधित असायला हवेत. परदेशात पकडलेला प्राणी मात्र अनेक वर्षे गाठ वागवत जगू शकतो. नदीतली पिले 2014 मध्येच कॅमेऱ्यात दिसली होती, ती उघडच स्थानिक जन्माची. मोठ्यांचे मूळ कोणाला ठाऊक नव्हते. पण सगळी वसाहत पकडून कायमची पिंजऱ्यात टाकायला एवढे पुरेसे नव्हते. तपासणीचा मार्ग होता: रक्तचाचणी, सोनोग्राफी, पोटात दुर्बीण घालून यकृत पाहणे.

गावकरी विरोधात उभे राहिले, एका पर्यावरण संघटनेने निर्णयाला कायदेशीर आव्हान दिले. जानेवारी 2015 मध्ये स्थानिक वन्यजीव संस्थेला पाच वर्षांच्या प्रयोगाचा परवाना मिळाला, तपासणीच्या अटीवर. पाच बीव्हर पकडले गेले, पाचही निर्दोष ठरले आणि मार्चमध्ये त्याच नदीत परत सोडले गेले. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांना कायम राहण्याची मुभा मिळाली, 2022 मध्ये इंग्लंडभर कायदेशीर संरक्षण.

स्कॉटलंडमधले चित्र निराळे होते. नॅपडेलमध्ये 2009 साली सोडलेले बीव्हर नॉर्वेतून आणले होते, आणि नॉर्वेच्या मुख्य भूमीवर हा कृमी नाही. तिथल्याच टे नदीच्या खोऱ्यातले मात्र परवानगीशिवाय सुटलेले किंवा सोडलेले, आणि जनुकीय तपासणीत त्यांचे मूळ बहुधा बव्हेरियन निघाले. तिथल्या पकडलेल्या प्राण्यांची यकृते तपासली, कृमी आढळला नाही. आता इंग्लंडमध्ये सोडायला आणलेले पुष्कळसे बीव्हर याच टे खोऱ्यातून येतात.