बोटाची ‘शीर’ आणि निषिद्ध पट्टा

विळीवर किंवा फुटलेल्या काचेवर बोट खोल कापलं आणि ते वाकेनासं झालं, की घरात म्हणतात, ‘शीर तुटली’. खरं तर तुटलेली असते कंडरा, म्हणजे स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारी पांढरी, चिवट दोरी. हा घोटाळा केवळ आपल्या बोलीतला नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन कंडरेत मज्जातंतू मिसळलेले असतात असं मानायचा. टाका घातला तर झटके येतील, असं त्याने बजावलं होतं. युरोपात ही धास्ती शतकानुशतकं टिकली. अकराव्या शतकातला पर्शियन वैद्य इब्न सीना याने मात्र टाक्याची बाजू घेतली.

विसाव्या शतकात भीतीचं कारण बदललं. तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत, बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. खालची तर वरचीला पडलेल्या फटीतून पुढे येते. इथे टाका घातला की सगळं एकमेकांना चिकटायचं आणि बोट ताठ व्हायचं. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’, म्हणजे कुणी पाऊल टाकू नये अशी जागा, म्हटलं. त्यांचा सल्ला होता: आधी फक्त कातडी शिवा, नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवा. सल्ला भित्रेपणाचा नव्हता. त्या काळातले टाके आणि निकाल पाहता तोच शहाणपणा होता.

1960मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सर्जन क्लोद वेर्दां यांनी याच पट्ट्यात थेट टाका घालून मिळालेले चांगले निकाल मांडले. 1967मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलचे सर्जन हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी तेच सांगितलं, तेव्हा अनेकांना ते पटेना. त्यांची युक्ती टाक्याइतकीच टाक्यानंतरच्या दिवसांत होती. नखाला रबरबँड बांधायचा. रुग्णाने बोट स्वतः सरळ करायचं, वाकवायचं काम रबराचं. कंडरा नळीत सरकत राहते, म्हणून चिकटत नाही, आणि टाक्यावर ताणही कमी येतो. आज बहुतेक ठिकाणी रबरबँड गेला, पण स्प्लिंटमध्ये, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्टीत, लवकर हालचाल सुरू करण्याचं तत्त्व राहिलं.

बोटात ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) टोचू नये, नाहीतर रक्त न पोचून बोट मरेल, हा आणखी एक जुना नियम. कॅनडाचे डॉन लालोंड आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये 3,110 रुग्णांची नोंद मांडून तो खोडला. ॲड्रेनलिनने रक्तस्राव आटोक्यात राहतो, त्यामुळे आता रुग्ण जागा असतानाच, फक्त हात बधिर करून, शस्त्रक्रिया करता येते. टाका घातल्यावर सर्जन त्याला टेबलावरच बोट वाकवायला सांगतात. टाक्यात फट पडली किंवा कंडरा नळीत अडली, तर कातडी शिवण्याआधीच दिसतं.