अँटीव्हायरसच उघडत नाही तेव्हा

संगणक रखडत चालतो, ब्राउझर भलत्याच पानांवर जातो, म्हणून आपण अँटीव्हायरस उघडायला जातो. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर चक्र फिरतं आणि पुढे काहीच होत नाही. दुसरा अँटीव्हायरस उतरवून घ्यावा, तर नेमकी त्याच कंपनीची वेबसाइट लागत नाही. बाकी इंटरनेट सुरळीत चालू. बहुतेक जण मग अँटीव्हायरस काढून पुन्हा टाकायच्या मागे लागतात आणि त्यात तासन्‌तास घालवतात. पण हा बिघाड पुष्कळदा मुद्दाम घडवलेला असतो.

आधी वेबसाइटचं पाहू. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची साध्या मजकुराची एक फाइल असते. कोणती साइट कुठल्या आयपी पत्त्यावर आहे हे डीएनएस सर्व्हरला विचारण्याआधी या फाइलमधल्या नोंदी विचारात घेतल्या जातात. मालवेअर, म्हणजे घातकी प्रोग्रॅम, तिथे अँटीव्हायरस कंपनीच्या साइटचं नाव आणि १२७.०.०.१ हा पत्ता लिहून ठेवतं. हा पत्ता म्हणजे तो संगणक स्वतःच! त्यामुळे आपली विनंती घराबाहेर पडतच नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पसरू लागलेल्या ‘कॉन्फिकर’ या मालवेअरच्या पुढच्या आवृत्त्या तर या फाइलच्या वाटेला न जाता, डीएनएसचं काम मेमरीतच अडवत. होस्ट्स स्वच्छ, तरी साइट बंद.

प्रोग्रॅम उघडू न देण्याची एक युक्ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, असते. ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’ नावाची एक नोंद मुळात प्रोग्रॅमरच्या सोयीसाठी आहे: अमुक नावाची फाइल चालवायला सांगितली, की तिच्याऐवजी डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन, सुरू करायचा. मालवेअर तिथे अँटीव्हायरसच्या फाइलचं नाव घालतं आणि डीबगरच्या जागी भलतंच काहीतरी. विंडोज ती आज्ञा निमूट पाळते. मात्र ही अडवणूक केवळ नावावरून होते, म्हणून स्कॅनरच्या फाइलचं नाव बदललं की तो अनेकदा लगेच चालू होतो. इतका साधा उपाय, पण कारण माहीत नसेल तर सुचणारच नाही.

याहून खोलवरचा प्रकार म्हणजे रूटकिट, स्वतःला लपवणारं मालवेअर. अँटीव्हायरस डिस्कवरच्या फाइल सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मार्फत वाचतो. मधल्या वाटेवर मालवेअर बसलं असेल, तर सिस्टिमऐवजी उत्तर ते मालवेअरच देतं. १९८६ च्या ‘ब्रेन’ व्हायरसनेच हे केलं होतं: कुणी फ्लॉपीचा बूट सेक्टर (संगणक सुरू होताना वाचला जाणारा पहिला भाग) वाचायला गेलं, की तो दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ, निर्दोष सेक्टर पुढे करी. २००५ मध्ये विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी सोनी बीएमजीच्या संगीत सीडींमधून येणारा रूटकिट उघडकीला आणला, ती पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांच्या साधनाने विंडोजला फाइलची यादी विचारली, मग डिस्कवरची माहिती थेट वाचली, आणि दोन्ही ताडून पाहिल्या. जे डिस्कवर होतं पण यादीत नव्हतं, तेच लपवलेलं.

खरा उपाय यातच आहे: बाधित विंडोज चालू नसताना तपासणी करायची. आधी इंटरनेट तोडा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’च्या स्कॅन पर्यायांत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ असतं. ते संगणक रीस्टार्ट करून नेहमीची विंडोज सुरू होण्याआधीच डिस्क तपासतं. साधारण १५ मिनिटं लागतात. तेही दबलेलं असेल, तर दुसऱ्या, निर्धोक संगणकावर एखाद्या अँटीव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क पेन ड्राइव्हवर बनवा आणि बाधित संगणक त्यावरून सुरू (बूट) करा. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कूटबद्ध कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी हवी. विंडोजच्या ‘सेफ मोड’मध्ये मोजकेच ड्रायव्हर आणि सेवा सुरू होतात, त्यामुळे किरकोळ मालवेअर तिथे निघतं, पण विंडोज तीच असते. रूटकिटसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

प्रत्येक बिघाडामागे मालवेअरच असतं असंही नाही. दोन अँटीव्हायरस एकत्र असले की ते एकमेकांच्या पायात येतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक ठप्प झाले.

स्कॅन स्वच्छ आला म्हणजे संगणक निर्मळ झाला, असं मात्र धरू नका. कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा सार्वत्रिक प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केलं आहे. म्हणून रूटकिट सापडला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाजूला काढा, प्रोग्रॅम नकोत, आणि डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याच दिवशी दुसऱ्या उपकरणावरून बदला. नवा अँटीव्हायरस जागा आहे का, हे ‘आयकार’ या अँटीव्हायरस संशोधन संस्थेच्या ६८ अक्षरांच्या निरुपद्रवी चाचणी फाइलने पाहता येतं. ती उतरवताच त्याने ओरडायला हवं.