बांबूचा फुलोरा आणि मिझोरामचं बंड

गडचिरोलीकडे बांबूला फुलोरा आला की जुनी माणसं म्हणतात, "आता दुकाळ." शिकलेली पोरं हसतात. 1958 मध्ये, मिझोराम आसामातला एक जिल्हा होता तेव्हा, तिथल्या मिझो स्वायत्त जिल्हा परिषदेनं हीच भीती घालून आसाम सरकारकडे 15 लाख रुपये मागितले. अडाण्यांची समजूत म्हणून मागणी फेटाळली गेली.

तिथला माउताक बांबू सुमारे 48 वर्षांनी एकदाच, सगळा मिळून फुलतो, बी धरतो आणि मरतो. दरवर्षी थोडंथोडं बी टाकलं तर उंदीर सगळं फस्त करतील. डोंगरच्या डोंगर एकदम बियांनी भरले तर ते खाऊन खाऊन खातील किती? उरलेलं उगवतं. बांबूचा हिशेब चोख. पण आयत्या खाण्यावर उंदरांची पिल्लं जगतात. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, त्यामुळे महिन्यामहिन्यांत नवी वीण. मग पाऊस पडतो, बियांना कोंब फुटतात, खाणं संपतं आणि ती फौज भातात शिरते. यात अपशकुन कुठेच नाही. नवस करून उंदीर थांबत नाहीत. गोदामं भरून ठेवावी लागतात.

ती भरली नव्हती. 1959 पासून उपासमार झाली. मदत वाटणाऱ्या संघटनेतूनच 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली, 1 मार्च 1966 ला तिनं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हवाई दलानं ऐजॉलवर हल्ले केले. "स्वायत्तता दिली की देश फुटतो" म्हणणाऱ्यांनी हे बघावं: परिषद 1952 पासून होतीच, पण तिजोरी शिलाँगला, आसामच्या तेव्हाच्या राजधानीत. केंद्राशी झालेल्या 1986 च्या करारानंतर फ्रंटचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, 1987 मध्ये राज्य मिळालं. कलम 371-छ नुसार जमिनीची मालकी आणि रूढी यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय तिथे लागू होत नाही. 2007 च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला, पीकही गेलं. पण या वेळी मिझोंचंच सरकार मारलेल्या उंदरांच्या शेपट्या मोजून पैसे देत होतं. बंड झालं नाही.

आपल्याकडे विदर्भात वेगळं व्हायचं म्हणजे मुंबईपासून, देशापासून नव्हे. तरी तिजोरीचा प्रश्न तोच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच राहिलं. 2011 मध्ये ते ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे गावाला आपला बांबू विकता आला.