दंडावरचा वण आणि वय झालेल्या टी पेशी

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत बेळगावकर आज सकाळी झाडीतून फिरायला जातात. तिथं एके काळी देवीची लस तयार होत होती, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. शहापूर, वडगाव, येळ्ळूर इथल्या साठीपलीकडच्या कित्येकांच्या हातावर त्या लसीचा वण अजून आहे. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि पुढं लस टोचणंही थांबलं. मग त्या लसीचं शरीरात काही उरलंय का? अमेरिकेत ऑरेगॉनच्या संशोधकांनी २००३ साली हेच तपासलं. लस घेऊन २५ ते ७५ वर्षं झालेल्या माणसांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत देवीविरुद्धची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी शिल्लक होती. देवी ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, ८ ते १५ वर्षांत निम्म्या होत होत्या, पण संपल्या नव्हत्या.

म्हणजे ‘वय झालं की प्रतिकारशक्ती जाते’ हे अर्धंच खरं. जुनं बरंचसं टिकतं. तुटवडा पडतो तो नव्याचा.

हा तुटवडा कुठून येतो हे कळायला छातीच्या हाडामागं, हृदयाच्या जरा वर असलेली थायमस ग्रंथी पाहावी लागते. ही ग्रंथी बिनकामाची, असंच बरेच दिवस मानलं जायचं. १९६१ साली संशोधक जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ते जंतुसंसर्गाला तोंड देऊ शकले नाहीत. अस्थिमज्जेत जन्मलेल्या पेशी इथं येऊन ‘टी पेशी’ होतात, आणि चाळणी अशी कडक की मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला उतरलेल्या पोरांनीही हात जोडावेत. जी पेशी शरीराच्या खुणा वाचूच शकत नाही ती बाद, जी आपल्याच शरीरावर उठते तीही बाद. ९५ टक्क्यांहून जास्त पेशी तिथंच मरतात. पार झालेल्या प्रत्येक पेशीची ओळखण्याची खूण निराळी असते, म्हणून कधीही न पाहिलेला जंतू आला तरी त्याला ओळखणारी एखादी कोरी पेशी अंगात असते.

मला नवल वाटतं ते पुढच्याचं. ही ग्रंथी म्हातारपणी नव्हे, लहानपणापासूनच आटायला लागते. साठीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. तरी तिला निरुपयोगी म्हणू नये. छातीच्या काही शस्त्रक्रियांत मोठ्यांचीही ती काढली जाते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२३ साली अशा रुग्णांचा हिशेब मांडला. पाच वर्षांत थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के दगावले होते, न काढलेल्यांपैकी २.८ टक्के.

नवा पुरवठा आटला की कोऱ्या पेशी स्वतःच दुभागून संख्या राखतात. पण काही वंश मधेच संपतात आणि विविधता घटते. त्यात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात तो मुकाट राहतो. त्याला दाबून ठेवण्यात टी पेशींची मोठी फौज कायमची गुंतते आणि वयाबरोबर फुगत जाते. यातल्या थकलेल्या पेशी नीट दुभागत नाहीत, मात्र दाह पेटवणारी रसायनं सोडत राहतात. इटलीचे संशोधक क्लाउडियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली म्हातारपणातल्या या धुमसत्या दाहाकडं लक्ष वेधलं.

हे सगळं डोळ्यांना दिसतं ते नागिणीत. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. त्याच्यावर पहारा असतो टी पेशींचा. पन्नाशीनंतर तो सैल पडला की अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात, आग आग होते. नागिणीचा वेढा कमरेभोवती पुरा झाला की माणूस जातो, असं खानापूर-निपाणीकडं अजून ऐकू येतं. विषाणू बहुधा एकाच मज्जातंतूच्या वाटेनं येतो, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. खरी भीती मागं राहणाऱ्या कळांची, त्या महिनोन्‌महिने छळतात. लेप आणि मंत्र करण्यात दिवस घालवण्यापेक्षा ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या.

नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतातही मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन डोसांत. महाग आहे, हे खरंच. पण चाचण्यांत सत्तरीपुढच्यांनाही तिनं सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. म्हाताऱ्या शरीरात एवढं साधलं, कारण तिला कोऱ्या पेशी शोधत बसावं लागत नाही. कांजिण्यांच्या वेळच्या जुन्याच टी पेशी ती जागवते, आणि त्यासाठी तिच्यात चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला अर्क मिसळलेला असतो. २०२० साली कोरोना आला तेव्हा वयस्कांकडं जागवायला अशी जुनी ओळख जवळपास नव्हतीच. सगळा भार उरल्यासुरल्या कोऱ्या पेशींवर पडला.